वाढत्या अंगाचं

१० मार्च

दादा,

पाकीट बघूनच तू म्हणशील, हिचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण फोनवर आपण दोघं हवामानाच्या पुढे जात नाही. ‘थंडी आहे का?’ ‘आहे.’ ‘इकडेही आहे.’ मग कानाला फोन लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहते. कागदावर कदाचित बरं जमेल.

विषय मुलांच्या स्कीचा आहे. मी ज्या जलाशयाच्या पाण्याचे नमुने दिवसभर तपासते, त्याच पाण्यावर मागच्या उन्हाळ्यात भिंगरी आणि लिंबू दोघंही बोटीमागे दोरी धरून जोडीच्या स्कीवर उभं राहायला शिकली. आता क्लबचे मास्तर म्हणतात, भिंगरीला स्लॅलम द्या. म्हणजे एकच फळी, दोन्ही पाय तिच्यावरच, एक पुढे, एक मागे. आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “बाई, वाढत्या अंगाची घ्या. दोन-तीन वर्षं बघायला नको.” मला एकदम आईनं घेतलेला माझा शाळेचा कोट आठवला. तू म्हणायचास, “कोट चाललाय, आत कुणी आहे का बघा रे.” म्हणून न घेता परत आले.

आता खरं लिहिते. तुझं सगळं आयुष्य स्की जुळवण्यात गेलंय. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर ते लपवाछपवीसारखं झालं असतं. पण तुला विचारणं म्हणजे तुझ्या शेठची आठवण काढणं. त्याला जाऊन दुसरा हिवाळा संपला. भिंगरीला अकरा पूर्ण झाली, म्हणजे ती तुझ्या मुलाच्या वयाला येतेय, हे मी न लिहिताही तुझ्या लक्षात आलंच असतं. विचारणं जास्त वाईट की टाळणं, हे मला ठरवता आलं नाही. म्हणून विचारते.

आणि मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. फक्त सल्ला. हे वाक्य लिहून झाल्यावर वाटलं, न मागणारी माणसं असं लिहीत नाहीत. तरी खोडत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी


२२ मार्च

पत्र मिळालं.

वाढत्या अंगाची घेऊ नकोस. दुकानदाराला म्हणावं, तू कोट वीक. कोटाच्या बाह्या दुमडता येतात. पाण्यावर दुमडायला काही नसतं.

स्की वजनावर आणि बोटीच्या वेगावर ठरते, वयावर नाही. मुलांची बोट हळू चालते, म्हणून फळी थोडी रुंद हवी. हळू वेगातही ती पाण्याच्या वर येते. मोठी, जड घेतलीस तर उठताना नांगरासारखी पाण्यात घुसते. पोर दोरीला लोंबकळून दमतं आणि मग म्हणतं, मला नको.

बूट सैल नको. पडताना पाय बुटातून सुटायचा तर नीट सुटावा. सैल बुटात अर्धाच सुटतो आणि घोटा पिळवटतो. पट्टी मागेपुढे करता येणारा बूट मिळतो, तो घे. वाढायला मोकळीक काय ती तेवढीच. मागच्या पायाला या वयात पुरा बूट नको, नुसता पट्टा. पंजा आत सरकवायचा.

सगळ्यात आधी पुढचा पाय ठरव. खरी परीक्षा पाण्यात होते. जोडीवर सरळ जाताना आळीपाळीनं एकेक स्की जराशी उचलायची. ज्या पायावर डगमगत नाही, तो पुढचा. तुमच्याकडच्या थंडीमुळे क्लब मे महिन्यापर्यंत बंद असेल, तोवर घरची परीक्षा घे. पाठमोरं उभं करून मागून हलका धक्का द्यायचा. पडू नये म्हणून जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढे धर. पण मूल बेसावध हवं. हे महत्त्वाचं.

वजन कळव. दोन्ही पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव.

वहिनी शाळेत शिकवायला जाते, येते. विणकाम बंद आहे.

दादा


४ एप्रिल

दादा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी स्कीसाठी, नंतर पूर्वीसारखं चिडवून ‘तपासनीसबाई’ कुठे लिहिलंयस का ते बघायला. नव्हतं. असो. हट्ट नाही.

परीक्षा झाली. आमचे हे भलतेच उत्साहात. आधी लिंबूला धक्का दिला, तर तो पुढे न जाता गर्रकन वळून त्यांच्या पोटात डोकं घालून आला. “हा रेडा आहे, याला स्की नको, नांगर द्या,” हे म्हणाले. दुसऱ्या धक्क्याला लिंबूचा उजवा पाय पुढे पडला. मग भिंगरी. तिचा तर धक्का लागायच्या आतच उजवा पाय पुढे. पुन्हा केलं, पुन्हा उजवा, अगदी कवायतीतल्यासारखा. मग ती भांडी पुसत असताना मी गुपचूप मागून गेले. तिला चाहूल लागली असावी, कारण ती हसली. पण पाय उजवाच पडला. ती पूर्ण बेसावध होती असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तीनही वेळा उजवा, एवढं मात्र खरं.

वजन छत्तीस किलो. पायांचे कागद सोबत आहेत. गुदगुल्या होतात म्हणून डाव्याची रेघ अंगठ्यापाशी वाकडी गेलीय.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. त्याच सकाळी भिंगरीनं विचारलं, “शेठदादाचा कुठला पाय पुढे असायचा?” मी म्हटलं, उजवा. “त्याची स्की कुठेय?” मी म्हटलं, मामाच्या कारखान्यात टांगलेली आहे, मामा तिला कुणाला हात लावू देत नाही. मुलांपासून अशा गोष्टी लपवू नयेत असं माझं मत आहे, पण मत असणं आणि सकाळी सकाळी तोंडातून निघून जाणं वेगळं. मी चुकले का?

धाकटी


१७ एप्रिल

चुकली नाहीस.

पेटी पाठवलीय. आत शेठची स्की आहे.

तुझ्या कागदावरचा उजवा पाय कापून त्याच्या बुटात ठेवून बघितला. पट्टी दोन घरं आत घेतली की बसतो. वजन जवळजवळ तेच. त्या शेवटच्या उन्हाळ्यात तो सदतीस होता, मीच केलं होतं. आणि पाय उजवा. डावा असता तर सरळ ‘नवी घे’ म्हणून कळवलं असतं. कारण डाव्यासाठी बुटाचे स्क्रू उघडून बूट दुसऱ्या अंगाला फिरवावा लागतो, मागचा पट्टाही. ते माझ्यानं झालं नसतं. उजवा निघाला, तेव्हा न द्यायला काही कारण उरलं नाही. बरेच दिवस शोधलं.

वहिनीनं स्की स्वतः पुसली. पुसताना म्हणाली, “शेठ निघाले वाटतं आत्याकडे.” तो वर्षाचा असताना हात मागे बांधून पोट काढून चालायचा, तेव्हा हे नाव तूच ठेवलं होतंस. ती विसरलेली नाही.

बूट पक्का बसलेला आहे. स्क्रू सैल वाटले तर आवळ. उघडू मात्र नकोस.

दादा


१४ मे

दादा,

पेटी आली त्या दिवशी भिंगरीनं कुणाला हात लावू दिला नाही. स्की तिच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलीय आणि रात्री दिवा मालवताना ती तिला काहीतरी म्हणते. काय ते मी ऐकलं नाही. दाराशी थांबले असते तर ऐकू आलं असतं, पण थांबले नाही. तेवढी तरी तपासणी सोडून द्यावी म्हटलं.

क्लब सुरू झाला. आता वाईट बातमी. ती पडतेय. सुरुवातीला सगळेच पडतात, मास्तर म्हणतात, धीर धरा. पण तिच्याबरोबरची दोन्ही मुलं पहिल्या आठवड्यात उभी राहिली. ही जोडीवर मागच्या वर्षी सगळ्यांच्या आधी उभी राहिली होती. मी काठावरून जे बघते ते जसंच्या तसं लिहिते, तुला काही कळलं तर बघ. बोट ओढू लागली की स्की नीट वर येते. ती गुडघे सरळ करायला लागते आणि तिथेच पुढचा पाय थरथरतो. फळीचं तोंड वळतं, ती डाव्या अंगाला कलते, दोरी सोडते. दर वेळी तसंच. दंडावर आणि मांडीवर निळे डाग पडलेत. “थांबायचं का?” विचारलं की, “नाही. ही चांगली आहे. माझंच चुकतंय,” म्हणते आणि ओठ निळे होईपर्यंत पुन्हा पाण्यात जाते.

काल हे म्हणाले, “बुटाचा कोन एकदा बघू या का?” मी त्यांच्या अंगावर ओरडले. स्क्रूला हात लावायचा नाही म्हणून. क्लबमधल्या लोकांसमोर ओरडले. रात्री पडल्या पडल्या स्वतःला विचारलं, मी कुणाला जपतेय? दादाचे स्क्रू की पोरीची हाडं? मग तुला लिहायला उठले.

धाकटी


२१ मे

तिला जोडीच्या स्कीवर पाठव. कशासाठी ते सांगू नकोस. लिंबूबरोबर शर्यत लाव: एक पाय उचलून जास्त वेळ कोण जातं. कुठला पाय उचलायचा ते बोलू नकोस. बघ आणि कळव.

दादा


२ जून

दादा,

डावा.

लिंबू हरल्याबद्दल भोकाड पसरून बसला होता आणि ही उजवी स्की वर उचलून बगळ्यासारखी डाव्या पायावर अख्खा जलाशय ओलांडून गेली. ना थरथर, ना डुगडुग. वर एक हात सोडून आम्हाला टाटा केला. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, हिचा पाय डावा आहे हो! तुम्ही उजवा कुठून काढलात?”

घरी आल्यावर तिचे केस पुसता पुसता विचारलं, “भिंगरे, धक्का दिला तेव्हा उजवा पाय मुद्दाम टाकलास?”

“पडला.”

“तीनदा?”

“एकदा पडला, दोनदा टाकला.”

“आणि पहिल्यांदा?”

तिनं टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मग म्हणाली, “तोसुद्धा टाकला.”

“का गं?”

“डावा म्हटलं असतं तर मामाला बुटाचे स्क्रू उघडावे लागले असते ना. तू बाबांना सांगत होतीस, दादा स्कीला हात लावू देत नाही, शेठनं ठेवली तशीच ठेवलीय. मग मला दिलीच नसती.”

“तुला शेठदादाचीच हवी होती?”

“मला नको होती,” ती म्हणाली. “तिला पाण्यात यायचं होतं. ती तिथे नुसती टांगलेली असते. मी मागच्या वेळी बघितलंय. आणि मी शिकले असते उजव्यानं. हळूहळू.”

दादा, हे मी शब्दन् शब्द लिहिलंय. माझ्याकडून त्यात काही घातलेलं नाही. तू लिहिलं होतंस, ‘मूल बेसावध हवं.’ आम्हा सगळ्यांत बेसावध नसलेली तीच एकटी होती.

मी स्की परत पाठवतेय. एकही स्क्रू हललेला नाही, पट्टी फक्त दोन घरं पुन्हा बाहेर घेतलीय, शेठची होती तिथे. तू उघड, असं मी म्हणणार नाही आणि मनातही म्हणत नाहीये. मनात बघून आले. भिंगरीसाठी दुकानातली घेईन. मापाची.

तिनं पेटीवर स्वतः पत्ता लिहिला. रडली नाही. मला ते जास्त लागलं.

धाकटी


३० जून

दादा,

पेटी पोचली का? पोचली एवढंच कळव. जास्त लिहायची गरज नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते सगळं लिहायला हवं होतं का, हा विचार रोज करते. पोरीनं सांगितलेलं तुला कळवणं म्हणजे तुझ्यावर ओझं टाकणं होतं का? पण न कळवता ‘नवी घेतो’ म्हटलं असतं, तर ती तुझ्या लेखी उजव्या पायाचीच राहिली असती.

फोन करू का?

धाकटी


१९ जुलै

तपासनीसबाई,

फोन नको. लिहितो.

पेटी वेळेवर पोचली होती. बरेच दिवस पडवीत तशीच उभी होती. मग एका रविवारी उघडली आणि खुंटीवर टांगायला निघालो. वहिनी दारात उभी.

“कुठे टांगता?”

“होती तिथे.”

“पोरगी महिनाभर आपटत राहिली ती तुम्ही ही पुन्हा टांगावी म्हणून?”

मी म्हटलं, तुला माहीत नाही. हा बूट मी बसवला तेव्हा तो स्की जमिनीवर ठेवून आत पाय घालून उभा होता. मी फिरवत होतो आणि तो सांगत होता, “बाबा, अजून जरा आत. अजून जरा. बस.” त्या ‘बस’वर मी स्क्रू आवळलेत. एकदा उघडले की ती जागा गेली. पुन्हा सांगायला कोण आहे?

ती वळली. आत गेली. मला वाटलं संपलं. तर त्याचे दोन-तीन शर्ट घेऊन आली आणि बाकावर टाकले. म्हणाली, “हे बघा. सगळं मापाचं. तुम्ही त्याला कधी वाढत्या अंगाचं घेऊ दिलं नाहीत. शर्ट मापाचा, चपला मापाच्या, पावसाळी कोटसुद्धा मापाचा. तुमचं बरोबरच असेल. पण कपाट उघडलं की त्यात तेवढाच मुलगा मावतो. एक तरी गोष्ट त्याला मोठी घ्यायला हवी होती. निदान ती बघून वाटलं असतं, की आपण त्याच्या पुढच्या वर्षाची वाट बघत होतो.”

ठमे, ताप येण्याआधीच्या शनिवारी ती त्याला एक स्वेटर घेत होती. मी दुकानात उभा राहून म्हटलं होतं, एवढा मोठा कशाला, पुढच्या वर्षी पुढचा घेऊ.

मग आम्ही दोघं बसलो. तिनं या कारखान्यात आजवर कधी हत्याराला हात लावला नव्हता. तिनं स्कीचं शेपूट गुडघ्यात धरलं. पहिले दोन स्क्रू सहज निघाले. तिसरा निघेना. मी म्हटलं, राहू दे आज. ती म्हणाली, “मी धरलंय.” निघाला.

बूट उचलला तर खाली निळा रंग. तू ती स्की नीट बघितलीस ना? उन्हानं पार राखाडी झालीय. बुटाच्या तळाखाली मात्र पहिल्या दिवसासारखी निळी. दुकानातून आणली तेव्हा तो ज्या निळ्यावर भाळला होता, तो निळा. मी विसरलो होतो. आम्ही बघत बसलो. किती वेळ ते तुझ्यासारखं मला सांगता येणार नाही.

पेटी पुन्हा तुझ्याकडे पाठवलीय. बूट डाव्या पायासाठी बसवलाय. पट्टा फिरवलाय, पट्टी पुन्हा दोन घरं आत घेतलीय. बूट वळवल्यामुळे जुन्या जागेची एक नखाएवढी निळी कोर उजव्या बाजूला उघडी राहिलीय. तिच्यावर रंग मारायचा होता, वहिनीनं मारू दिला नाही. कुणी विचारलं तर सांग, रंग उडालाय. खरं तर उलटं आहे. उडालाय तो बाकीचा.

कोन मी अंदाजानं ठेवलाय. भिंगरीला जमिनीवर आत पाय घालून उभी कर आणि विचार, अजून जरा आत हवा का. ती सांगेल तसा फिरव. स्क्रू उघडायला माझी हरकत नाही.

दादा


११ ऑगस्ट

दादा,

पहिल्याच दिवशी, दुसऱ्या खेपेला उठली. मास्तरांनी बोटीचा भोंगा वाजवला आणि लिंबूनं काठावर लोळण घेतली. ती परत आली, स्की काखेत, नाकातून पाणी गळतंय, आणि पहिलं वाक्य: “मामाला सांग, जरा आत हवा होता, पण आता राहू दे.” मी विचारलं, का राहू दे? म्हणाली, “मामानं बसवलाय ना.” मग मीच हट्ट धरला. जमिनीवर तिला बुटात उभं केलं आणि ह्यांनी स्क्रू सैल केले. ती “अजून जरा, अजून जरा” म्हणत होती तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागलं. “बस,” ती म्हणाली. आवळले. कोर थोडी रुंद झाली.

एक गोष्ट लिहायचीच आहे, नाही तर मला पत्र अर्धवट वाटेल. शेठ उठायचा तेव्हा मान एका बाजूला टाकून, जणू कुणी हाक मारलीय, असा उठायचा. स्की तीच आहे म्हणून मी काठावर उभी राहून त्या मानेची वाट बघत होते. ती अजिबात तशी उठत नाही. ओठ आवळून, हनुवटी पुढे काढून, भांडायला निघाल्यासारखी उठते. मला त्याचं बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. यातलं कुठलं खरं म्हणून लिहू, ते कळेना, म्हणून दोन्ही लिहिलं.

वहिनीला सांग, कोर पाण्यातून वर येताना चमकते.

धाकटी


९ एप्रिल

प्रिय मामा,

आई म्हणाली, या वर्षी तूच लिही.

माझं वजन एकेचाळीस किलो आहे. मी मोजे काढूनही बघितलं, तेवढंच येतं. आईनं काटा तपासला, तो बरोबर आहे. पायाचा कागद सोबत आहे. या वेळी मी गुदगुल्या सहन केल्या.

मामा, शेठदादा सदतीस होता ना? आई म्हणाली, होता. म्हणजे मी त्याच्या पुढे गेले. उंचीनं पण गेले असेन, पण ते मी विचारलं नाही. मी मुद्दाम केलं नाही. मध्ये थोडे दिवस रात्री कमी जेवून बघितलं, पण वाढायचं थांबत नाही आणि आईला कळलं.

मी त्याच्यापेक्षा मोठी झाले तर चालेल का? आणि स्की तीच चालेल का? दोन्ही कळव.

मामीला सांग, मी कोरीवर अजून ओरखडा पडू दिलेला नाही.

तुझी भिंगरी


२३ एप्रिल

भिंगरे,

आधी पोटभर जेव. रिकाम्या पोटी कुणी माझ्या स्कीवर चढलेलं मला चालत नाही.

दोन्ही चालेल.

स्की या उन्हाळ्यापुरती चालेल. तुझा पाय लांब झालाय, तेव्हा बुटाची पट्टी दोन घरं बाहेर घे आणि बूट एक भोक मागे. शेठच्या वेळी तिथवर पोचलो नव्हतो, त्यामुळे ते भोक कोरं असेल. स्क्रू पहिल्यांदा बसताना जरा कुरकुर करेल, घाबरू नकोस. स्क्रू तूच उघड. आईला देऊ नकोस, ती एकेका स्क्रूचं मत विचारत बसेल.

पुढच्या वर्षी ती तुला लहान होईल. झाली की मला कळव, लपवू नकोस. तेव्हा लिंबूला पाण्यात जोडीवर सोडून बघू, खरंच उजवा आहे का. तोवर तूही त्याला काही सांगू नकोस. त्याला तरी बेसावध राहू दे.

तू त्याच्या पुढे गेलीस हे मामीला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि तिचा सुयांचा डबा घेऊन आली. स्वेटर सोबत पाठवतोय. निळा आहे. घातलास की हात दिसणार नाहीत आणि खांदे कोपरापर्यंत उतरतील. मी म्हटलं, माप चुकलंय. तर म्हणाली, “तुम्ही तुमचं स्क्रूचं बघा.”

तेव्हा तो मोठा होतो म्हणून परत पाठवू नकोस. स्की मापाची आहे. स्वेटर वाढत्या अंगाचा आहे.

मामा